२९.८ मिलिमीटरमध्ये चार दात: एका क्राऊन-कामाच्या नोंदी

८ जानेवारी

वरच्या चार पटाशीच्या दातांवर क्राऊन, म्हणजे दातावर बसवायच्या टोप्या: १२, ११, २१, २२ (११ आणि २१ मधले, १२ आणि २२ त्यांच्या शेजारचे छोटे; १ ने सुरू होणारे उजवे, २ ने सुरू होणारे डावे). पन्नाशीच्या बाई, पेशा शिकवण्याचा, म्हणजे दिवसभर बोलणं. दात झिजून आखूड झालेत, चारहींत जुनी मोठी फिलिंग्ज, २१ ला रूट कॅनाल. दोन्ही सुळे शाबूत आहेत, त्यांना हात लावायचा नाही. माझ्या लॅबला आलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत एकच ओळ: "साइज आणि शेप तुम्ही सुचवा, मग बोलू."

सुचवण्याआधी मापं. स्टोन मॉडेलवर, डिजिटल कॅलिपरने:

११: लांबी ८.२, रुंदी ८.६ मिमी
२१: लांबी ८.४, रुंदी ८.६
१२: रुंदी ५.९
२२: रुंदी ६.७
एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंतची मोकळी जागा: २९.८

११ ची रुंदी लांबीच्या १०५ टक्के. म्हणजे जवळजवळ चौकोनच. नैसर्गिक वाटणाऱ्या मधल्या दातात हे प्रमाण साधारण ७५ ते ८५ टक्के असतं. पाठ्यपुस्तकातलं सरासरी माप १०.५ लांब आणि ८.५ रुंद. बाईंची रुंदी सरासरीला धरूनच आहे, कमी पडतेय ती लांबी. रुंदी शेजारच्या दातांनी आधीच बांधून टाकलेली असते. लांबीचं तसं नाही, ती वाढवता येते. पण कोणत्या बाजूला वाढवायची, खालून की हिरडीकडून, हे मॉडेलवर कळत नाही.

१० जानेवारी

दातांच्या आकारांचा कॅटलॉग उघडलाच नाही. आधी खालची कड कुठे यायला हवी ते ठरवायचं, लांबी-रुंदी-आकार त्यानंतर. कड चुकली तर बाकी सगळं अचूक करूनही दात परकेच दिसतात.

फोटो मागवले: ओठ सैल सोडलेला, बोलताना, पूर्ण हसताना. ओठ सैल असताना वरचे मधले दात किती दिसतात याचं व्हिग आणि ब्रुंडो यांचं १९७८ चं काम अजून सगळे वापरतात: स्त्रियांत सरासरी ३.४ मिमी, पुरुषांत १.९, आणि वयानुसार कमी होत जातं. बाईंचे दिसतात जेमतेम अर्धा मिलिमीटर. वयाचा वाटा सोडला तरी हे कमीच. मेणात १.५ मिमी वाढवून एक आणि २ मिमी वाढवून एक, असे दोन वॅक्स-अप. दोन्हींचे सिलिकॉन साचे पाठवले, डॉक्टर तोंडात मॉक-अप (दातांवर तात्पुरता नमुना) करून बघतील.

१४ जानेवारी

मॉक-अपचे व्हिडिओ आले. डॉक्टरांना २ मिमीचा आवडला होता. फोटोत तो खरंच छान दिसतो, पण बोलताना नाही. "वावर, विहीर, वेळ" म्हणताना वरची कड खालच्या ओठाच्या कोरड्या भागावर टेकतेय. ती टेकायला हवी ओल्या आणि कोरड्या भागाच्या सीमेवर, तीही हलकेच. १.५ वाला नेमका तिथेच टेकतो.

एक बारीक गोष्ट: या चाचणीसाठी पुस्तकं 'फ'सुद्धा सांगतात. आपल्याकडे तो भरवशाचा नाही. काही जण 'फ' दात ओठाला लावून म्हणतात, काही दोन्ही ओठ मिटून. दुसऱ्या प्रकारात कडेबद्दल काहीच कळत नाही. मी 'व'वर भर देतो आणि 'स'वर. 'स' म्हणताना वरच्या-खालच्या कडा अगदी जवळ येतात, साधारण मिलिमीटरभर फट राहते. ती बुजली तर शीळ तरी वाजते नाहीतर बोबडं ऐकू येतं.

डॉक्टरांना फोन केला. "डॉक्टर, फोटो दोनचा चांगला आहे, पण बाई दिवसभर वर्गात बोलणार. दीडवर थांबू." त्या म्हणाल्या, "मलाही व्हिडिओ बघून तेच वाटायला लागलंय." कड ठरली.

१५ जानेवारी

११ ची लांबी ८.२ अधिक १.५ म्हणजे ९.७. रुंदी ८.५ धरली तर प्रमाण अजून ८८ टक्के. लक्ष्य १०.८ ठेवलंय, म्हणजे ७९ टक्के. उरलेले १.१ मिमी हिरडीकडून घ्यावे लागतील. २१ ला ०.९.

हे शक्य आहे कारण ते मुळात दाताचेच आहेत. दात हळूहळू झिजतो तसा तो खालीही उतरत राहतो आणि हिरडी-हाड त्याच्यासोबत येतात. फोटोत दिसतंच, मधल्या दोन्ही दातांची हिरडी सुळ्यांच्या हिरडीपेक्षा खाली आलीय. ती सुळ्यांच्या पातळीला हवी, आणि शेजारच्या छोट्या दातांची साधारण एक मिलिमीटर खाली. हिरडीच्या कमानीचं सर्वांत उंच टोक मधल्या दातांत अगदी मध्यावर नसतं, किंचित सुळ्याच्या बाजूला सरकलेलं असतं. सर्जरीच्या गाइडमध्ये (हिरडी कुठवर कापायची ते दाखवणाऱ्या साच्यात) ते टोक मुद्दाम तसंच दिलंय. कमान मध्यावर कापली तर पुढे मी क्राऊनवर काहीही केलं तरी दात पोपटासारखे सरळ उभे दिसतात.

फक्त हिरडी कापून भागणार नाही. हाडाच्या कडेवर हिरडीची जी पकड असते ती सरासरी २ मिमीची (गार्जुलो आणि सहकारी, १९६१: २.०४). त्यात क्राऊनची कड घुसवली तर हिरडी कायम लाल राहते. म्हणून हाडापासून नव्या कडेपर्यंत ३ मिमी मोकळे हवेत. थोडं हाडही काढावं लागेल. तो भाग डॉक्टरांचा.

१७ जानेवारी

आज दिवसभर फक्त जागेची वाटणी.

उजवीकडे ५.९ + ८.६ = १४.५. डावीकडे ६.७ + ८.६ = १५.३. दोन छोट्या दातांत ०.८ मिमीचा फरक. कागदावर ऐकायला किरकोळ, पण सहा मिलिमीटरच्या दातात ०.८ म्हणजे आठवा हिस्सा, हसल्यावर दिसतोच.

पहिला पर्याय सरळ गणिताचा. मधली रेषा ०.४ डावीकडे सरकवायची, दोन्ही बाजूंना १४.९ मिळतात, ८.५ चे दोन मधले आणि ६.४ चे दोन छोटे. कागदावर देखणं. मधली रेषा एवढी सरकल्याचं कुणाला कळणार नाही. कोकिच यांच्या १९९९ च्या अभ्यासात सामान्य लोकांना ४ मिमी सरकलेली रेषाही खटकली नव्हती. रेषा कललेली असली की मात्र लगेच खटकते, सरळ सरकलेली चालते.

पण मुळं सरकत नाहीत. १२ आणि ११ मधला कॉन्टॅक्ट (दोन दात एकमेकांना टेकतात ती जागा) अर्धा मिलिमीटर डावीकडे न्यावा लागेल, ११ चा क्राऊन स्वतःच्या मुळावर एका बाजूला झुकेल. हिरडीची त्रिकोणी टोकं जिथे आहेत तिथेच राहणार, कॉन्टॅक्ट त्यांच्या डोक्यावरून बाजूला गेलेले. एका बाजूला फुगवटा येणार, तिथे फ्लॉस अडखळणार, घाण साचणार. सममितीसाठी हिरडी आजारी पाडण्यात अर्थ नाही.

दुसरा पर्याय: जागा आहे तशी ठेवायची आणि सगळा फरक नजरेला चकवून झाकायचा. ०.८ झाकणं माझ्या हाताबाहेरचं वाटतं.

म्हणून अर्धं-अर्धं. मधली रेषा ०.२ डावीकडे. उजवीकडे १४.७, डावीकडे १५.१. मधले दोन्ही ८.५, यात तडजोड नाही, कारण ते शेजारीशेजारी उभे असतात आणि नजर पहिली तुलना त्यांचीच करते. १२ ला ६.२, २२ ला ६.६. उरलेला ०.४ चा फरक आकाराने झाकायचा. छोटे दात एकमेकांपासून लांब असतात, मध्ये दोन मोठे दात असतात, त्यांना बरंच माफ असतं.

डॉक्टरांनी सहज विचारलं, गोल्डन प्रपोर्शन लावून पाहिलंत का? लावलं. समोरून दिसणारी छोट्या दाताची रुंदी मधल्याच्या ६२ टक्के, म्हणजे ५.३. एवढे बारीक केले तर सुळ्यांपाशी फट राहील किंवा मधले दात फावड्यासारखे रुंद करावे लागतील. प्रेस्टन यांनी १९९३ मध्ये नैसर्गिक दात मोजले तेव्हा मधला आणि छोटा दात या प्रमाणात बसणारी तोंडं १७ टक्केच निघाली, आणि छोटा दात व सुळा यांच्यात तर एकही नाही. सॉफ्टवेअरमध्ये ती जाळी एका क्लिकवर येते म्हणून लोक ती लावत राहतात. मी बंद करून टाकलीय.

२२ जानेवारी

शेप. चौकोनी, निमुळता, अंडाकृती. लिऑन विल्यम्स यांनी १९१४ मध्ये मांडलं की चेहरा उलटा करून पाहिला तर वरच्या मधल्या दाताचा आकार मिळतो. कवळीच्या दातांचे कॅटलॉग त्यावर उभे राहिले आणि अजून उभे आहेत. नंतरच्या मोजण्यांमध्ये चेहरा आणि दात यांचा असा पक्का संबंध सापडलेला नाही. १९५० च्या दशकात फ्रश आणि फिशर यांनी त्यात लिंग, स्वभाव आणि वय घातलं: बायकांना गोलसर कोपरे, पुरुषांना टोकदार. बाईंचे स्वतःचे सुळे चांगले टोकदार आणि भरीव आहेत. त्यांच्या शेजारी गोलगोल गोंडस दात ठेवले तर ते उसने आणल्यासारखे दिसतील.

त्यापेक्षा बाईंचा तरुणपणीचा फोटो मागवला, हसतानाचा. तो मोठा करून पाहिला: मधले दात चौकोनाकडे झुकणारे, कॉन्टॅक्ट लांब, छोट्या दातांची कड मधल्यांपेक्षा जेमतेम वर. फोटोतली मिलिमीटरची मापं विश्वासाची नसतात, पण एकाच फोटोतलं प्रमाण चालतं. याहून चांगला कॅटलॉग मिळणार नाही. खालचे दात आणि सुळे हे बाकीचे साक्षीदार.

२९ जानेवारी

गाइड गेलं. सर्जरी झाली की हिरडी स्थिर व्हायला तीन ते सहा महिने. एप्रिलमध्ये पहिले टेम्पररी (तात्पुरते क्राऊन), त्यांची कड हिरडीच्या वरच ठेवायची. फाइल कपाटात.

१८ मार्च

मध्ये दुसऱ्या कामाची नोंद, कारण शिकाऊ मुलाने विचारलेला प्रश्न याच्याशी जुळतो. ४६, खालची पहिली दाढ, झिरकोनियाचा (एक कणखर सिरॅमिक) क्राऊन. तो म्हणाला, "दादा, याचा शेप कोणत्या फोटोवरून?"

कोणत्याच नाही. दाढेला समोरची दाढ, शेजारचे दोन दात आणि उरलेला खुंट (क्राऊनसाठी कापून राहिलेला दात) ठरवतात. पुस्तकी माप ११ बाय १०.५, पण इथे खुंटाची उंची ३.२ च आहे. दाढेला ४ मिमी तरी हवी. डॉक्टर बाजूला खाचा देणार आहेत, म्हणजे पकड वाढेल. मी चावण्याचा पृष्ठभाग थोडा अरुंद ठेवलाय, बाजूला पडणारा जोर कमी व्हावा म्हणून. गालाकडचा फुगवटाही कमी. पूर्वी शिकवायचे की फुगवट्यामुळे घास हिरडीवर आपटत नाही. प्रत्यक्षात फुगवट्याखाली ब्रश पोचत नाही एवढंच होतं. सॉफ्टवेअरची लायब्ररी अजून फुगीर दाढाच देते, प्रत्येक वेळी खरवडावी लागते.

मिलिंगमध्ये (यंत्राने कोरताना) ही दाढ खऱ्यापेक्षा मोठी कापली जाते, भट्टीत ती सुमारे २० टक्के आकसते. शिकाऊने भट्टीआधीची मॉडेलवर बसवून पाहिली आणि घाबरला. घाबरू दे, आता विसरणार नाही.

११ एप्रिल

चार टेम्पररी गेले. जानेवारीच्या वॅक्स-अपवरूनच.

डॉक्टरांनी सोबत मुलांच्या दुधाच्या दाढांच्या स्टीलच्या तयार कॅप्सची पेटी परत भरायला यादी पाठवली. तिथे साइज खरोखर डब्यातून निवडतात, २ ते ७ नंबर, सगळ्यात जास्त ४ आणि ५ संपतात. नियम साधा: सगळे उंचवटे झाकेल आणि किंचित अडखळून बसेल अशी सर्वांत लहान. मोठी घेतली तर बसायला सोपी, पण तिची मागची कड पुढे आलेली राहते आणि सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ तिच्याखाली अडकते. डॉक्टर कॅलिपरने आधी रुंदी मोजतात, मग पेटी उघडतात. सगळे असं करत नाहीत.

९ जून

हिरडी छान बसली. ११ आणि २१ ची कमान सुळ्यांच्या पातळीला, २१ ची कणभर वर, पाव मिलिमीटरही नाही. सोडून दिलं. डॉक्टरांनी अंतिम कटिंग केलं, स्कॅन आला.

नवी अडचण अपेक्षितच होती. कड वर गेली की खुंट बारीक होतो, मूळ निमुळतं असतं ना. हिरडीपाशी साधारण ७ मिमी आणि कॉन्टॅक्टपाशी ८.५, हा प्रवास आता थोड्या उंचीत करायचा. एकदम बाहेर काढलं तर कप्पा तयार होतो, फार सरळ ठेवलं तर दातांमध्ये काळा त्रिकोण दिसतो. टार्नो यांचं १९९२ चं मोजमाप इथे कामी येतं: कॉन्टॅक्टपासून हाडापर्यंत ५ मिमी किंवा कमी असेल तर हिरडीचं टोक जवळजवळ नेहमी जागा भरतं, ६ असेल तर निम्म्याहून थोड्या जास्त ठिकाणी, ७ ला पाव. डॉक्टरांनी ११-२१ मध्ये मोजून ५.५ सांगितलं. कॉन्टॅक्ट अर्धा मिलिमीटर वर वाढवला. फोटोतल्या तरुणपणीच्या दातांचेही कॉन्टॅक्ट लांबच होते, त्यामुळे शेपशी भांडण नाही.

१७ जून

आजचा दिवस २२ चा.

दाताच्या समोरच्या बाजूला दोन उभ्या कडा असतात जिथे सपाट भाग संपून दात बाजूला वळतो, लाइन अँगल. डोळा दाताची रुंदी म्हणून मोजतो ती या दोन कडांमधली चमकणारी पट्टी. कडांच्या पलीकडे दात सावलीत जातो. १२ वर ही पट्टी ४.३ मिमी ठेवली. २२ वरही ४.३ च. उरलेली सगळी रुंदी सुळ्याकडच्या बाजूला आत वळवून दिली, जिथे समोरून नजर जातच नाही. हिरडीपासून कडेपर्यंत दोन उभ्या पुसट खोलगट रेघाही दिल्या, उभ्या रेघांनी दात उंच आणि सडपातळ वाटतो. आडव्या रेघा १२ वर, अगदी हलक्या, तो भरलेला दिसावा म्हणून.

शिकाऊने दोन्ही पाहिले. "दादा, सारखेच झाले." मग कॅलिपर लावला. "पण हा तर ६.६ दाखवतोय!"

"दाखवणारच. कॅलिपरला सावली दिसत नाही."

खिडकीजवळ नेऊन, डोक्यावरच्या एकाच दिव्याखाली, मग हाताच्या अंतरावरून पाहिलं. जवळून आणि कडक उजेडात फरक जाणवतो. बोलताना माणूस एवढ्या जवळ येत नाही. हे दुसरे टेम्पररी म्हणून तोंडात जातील, सिमेंट कच्चं.

१ जुलै

टेम्पररींचा निकाल. 'स' स्पष्ट आहे, शीळ नाही. बाईंच्या घरी कुणीतरी म्हणालं, "आज बरी दिसतेयस, झोप झाली का?" दात नवे दिसतात असं कुणी म्हणालं नाही, हे सगळ्यात चांगलं.

पण २१ चा बाहेरचा कोपरा उडालाय. लांबी जास्त झाली असा डॉक्टरांचा पहिला अंदाज. कार्बन पेपरच्या खुणा पाहिल्या तर सरळ पुढे सरकताना चारही दात एकत्र लागतात, जोर वाटला जातो. डावीकडे सरकताना मात्र सुळ्याने जबडा उचलायच्या आधी २१ चा कोपरा एकटा सापडतो. लांबीला दोष नाही. दोन्ही मधल्या दातांचा बाहेरचा कोपरा थोडा गोल केला, आतली बाजू डावीकडे किंचित खोल. कोपरा गोल झाल्याने छोट्या दाताशेजारची खाच मोठी झाली, तीही बरीच वाटतेय. मध्यरेषेपासून सुळ्याकडे जाताना या खाचा वाढतच जायला हव्यात.

अजून दहा दिवस असेच वापरायला दिलेत. टिकले तर हाच आकार स्कॅन करून कॉपी. आर्टिक्युलेटरवर (जबड्याची हालचाल करून दाखवणारं यंत्र) पुढचा टेबल याच टेम्पररींवरून रेझिनमध्ये घडवून ठेवला, म्हणजे आतल्या बाजूचा उतार हरवणार नाही.

१२ जुलै

टिकले. स्कॅन आला. लिथियम डायसिलिकेट हे सिरॅमिक, भट्टीआधीच्या निळसर अवस्थेत मिलिंग, मग साधारण ८५० अंशांवर भट्टी. हे झिरकोनियासारखं आकसत नाही, त्यामुळे आता जे माप तेच शेवटचं. सिमेंटसाठी आतून ५० मायक्रॉन जागा, कडेजवळ त्याहून कमी. कडेची फट १२० मायक्रॉनपर्यंत चालते हा मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांचा १९७१ चा आकडा अजून सगळे सांगतात. मायक्रोस्कोपखाली त्याच्या निम्म्यातच बसायला हवं, नाहीतर परत. २१ चा खुंट रूट कॅनालमुळे काळपट, त्याला जरा अपारदर्शक ब्लॉक.

१९ जुलै

ट्राय-इनला, म्हणजे चिकटवण्याआधी तोंडात बसवून पाहायला, मी गेलो. ग्लिसरीन जेलवर चारही बसवले. १२ आणि १३ (उजवा सुळा) मधला कॉन्टॅक्ट घट्ट, ८ मायक्रॉनची फॉइल निघता निघेना आणि त्यामुळे १२ पूर्ण बसत नव्हता. रबर व्हीलने दोन हात, परत फॉइल, आता ओढल्यावर अडत अडत निघते. फ्लॉस 'टक' करून जातो.

बाईंनी आरसा घेतला, बराच वेळ पाहिलं. २२ बद्दल काही बोलल्या नाहीत. त्यांना विचारायचा मोह आवरला. त्यांनी विचारलं ते ११ च्या कडेबद्दल: "इथे थोडं तुटल्यासारखं का?" ती फोटोतली खाच होती, त्यांच्या तरुणपणीच्या दातात होती तशीच मी दिलेली. त्यांना नको होती. पॉलिश करून काढली. चिकटवले.

२ ऑगस्ट

तपासणी. हिरडी फिकट गुलाबी, फ्लॉसवर रक्त नाही. ११-२१ मधला बारीक त्रिकोण अजून दिसतो. कॉन्टॅक्ट आता हाडापासून ५ वर आहे, डॉक्टर म्हणतात काही महिने वाट पाहू. चारही क्राऊनच्या फाइल्स, टेम्पररींचा शेवटचा स्कॅन आणि ४.३ च्या पट्टीचा स्क्रीनशॉट केस नंबरखाली ठेवला. झीज रात्री झोपेत दातावर दात घासल्यामुळेच, त्यामुळे वरच्या दातांचं नाइट गार्ड लागणार. त्याचा स्कॅन आलाय, पुढे जाडी २ मिमी, उद्या प्रिंटला.